रोध वाढला तर उष्णता वाढते की घटते?



तारेतून वीज वाहताना दर सेकंदाला किती उष्णता निर्माण होते, हे सांगणारी दोन सूत्रे तुम्ही पाठ केलेली असतात.

शक्ती = प्रवाह × प्रवाह × रोध
शक्ती = दाब × दाब ÷ रोध

ही सूत्रे एकाखाली एक लिहून त्यांच्याकडे जरा रोखून पाहा. पहिल्यात रोध गुणाकारात आहे. म्हणजे रोध वाढला की उष्णता वाढली पाहिजे. दुसऱ्यात तोच रोध भागाकारात आहे. म्हणजे रोध वाढला की उष्णता घटली पाहिजे. दोन्ही सूत्रे तर बरोबर आहेत. मग खरे काय?

चौकस विद्यार्थी हा प्रश्न विचारतोच, आणि "गणितात जे दिले असेल त्याप्रमाणे सूत्र निवड" असे उत्तर ऐकून पुष्कळदा गप्प बसतो. पण हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. गीझरचा प्लग का करपतो, वितळतार म्हणजे फ्यूज शाबूत असतानाही घरात आग कशी लागू शकते, आणि चंद्रपूरची वीज मुंबईकडे आणताना दाब पाच लाख व्होल्ट का ठेवावा लागतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच कोड्याच्या पोटात आहेत. म्हणून आज आपण ते सावकाश, आकडे मांडून सोडवू या.

चार राशी, दोन नाती

प्रथम ओळख पक्की करू. तारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एक कूलोम विद्युतभार गेला, तर तो वाटेत जितके ज्यूल ऊर्जा देतो तितके व्होल्ट त्या दोन टोकांमधील दाब. पाठ्यपुस्तकात यालाच विभवांतर म्हणतात. दर सेकंदाला जितके कूलोम भार तारेतून जातो तितके अँपिअर प्रवाह. आता या दोन व्याख्यांचा गुणाकार करा. दर कूलोममागे इतके ज्यूल आणि दर सेकंदाला इतके कूलोम, म्हणजे दर सेकंदाला किती ज्यूल ते निघाले. दर सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॉट. म्हणून

शक्ती = दाब × प्रवाह

हे पहिले नाते. ते व्याख्यांतूनच निघते.

दुसरे नाते रोधाचे. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो : एक व्होल्ट दाबाने एक अँपिअर प्रवाह वाहिला, तर रोध एक ओहम. ज्यांच्या नावावरून हे एकक आले ते गेऑर्ग सिमोन ओहम (१७८९-१८५४) हे जर्मनीतील कोलोन येथे शाळेत गणित व भौतिकी शिकवीत. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरे, त्यामुळे मोजमापांचा मेळ बसेना. तेव्हा त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे जोड घेतले, एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, आणि तापमानातील या न बदलणाऱ्या फरकातून अगदी स्थिर असा लहानसा दाब मिळविला. तो स्थिर झाला तेव्हाच नियम हाती लागला. १८२७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तारेचे तापमान कायम असेल तर दाब व प्रवाह सम प्रमाणात असतात, हा ओहमचा नियम आपण आजही त्यांच्या नावाने शिकतो.

इंग्लंडमध्ये जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी तारेची वेटोळी पाण्यात बुडवून त्यांतून वीज सोडली आणि पाणी किती तापते ते तापमापकाने पाहिले. प्रवाह दुप्पट केला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते, हे त्यांना आढळले. त्यांचा निबंध १८४१ साली छापला गेला. योगायोग असा की ओहम यांना लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले तेही १८४१ सालीच.

आता दोन्ही नाती एकत्र करा. 'शक्ती = दाब × प्रवाह' यातील दाबाच्या जागी 'प्रवाह × रोध' लिहिले, तर आपल्या कोड्यातील पहिले सूत्र मिळते. प्रवाहाच्या जागी 'दाब ÷ रोध' लिहिले, तर दुसरे. म्हणजे ही दोन वेगळी सूत्रे नाहीतच; एकाच सूत्राने दोन वेगळे सदरे घातले आहेत. ती एकमेकांच्या विरुद्ध बोलणे शक्यच नाही. चूक झाली असेल तर ती आपल्या वाचनात.

पाटीवरचे दोन आकडे

कोडे सोडविण्याआधी हात थोडा साफ करून घेऊ. विजेच्या प्रत्येक उपकरणावर एक लहानशी पाटी किंवा छापील मजकूर असतो. गीझरवर समजा '२३० व्होल्ट, २००० वॉट' असे लिहिले आहे. एवढ्या दोन आकड्यांवरून बाकी सारे काढता येते.

प्रवाह = २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर
रोध = २३० ÷ ८.७ = सुमारे २६.४५ ओहम

(रोध थेटही काढता येईल : २३० × २३० ÷ २००० = २६.४५.)

८.७ अँपिअर हा आकडा महत्त्वाचा आहे. घरात लहान प्लग ६ अँपिअरचा आणि मोठा १६ अँपिअरचा असतो. गीझरला मोठाच प्लग का लागतो, हे आता कोणी सांगावे लागणार नाही. शिवाय २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की १००० वॉट-तास, म्हणजे बिलातील एक युनिट पडले.

मात्र एक पथ्य पाळा. गीझर, इस्त्री, शेगडी, तंतूचा जुना दिवा अशा केवळ तापणाऱ्या उपकरणांनाच हा हिशेब सरळ लागू होतो. पंख्यात मोटर असते, एलईडी दिव्यात इलेक्ट्रॉनिक मंडल असते. तेथे प्रत्यावर्ती विजेच्या दाबाचा व प्रवाहाचा नुसता गुणाकार म्हणजे वॉट नव्हेत, आणि पाटीवरून काढलेल्या 'रोधा'ला काही अर्थ उरत नाही.

तापणाऱ्या उपकरणांतही एक गंमत आहे. आता घरोघरी एलईडी दिवे आले असले, तरी प्रयोगशाळेत तंतूचा जुना १०० वॉटचा दिवा मिळू शकेल. पाटीवरून त्याचा रोध २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम येतो. तो दिवा होल्डरमधून काढून, थंड असताना, बहुमापीने (मल्टिमीटरने) मोजा. काटा किंवा आकडा ४० ओहमच्या आसपासच दाखवील! मापक बिघडलेले नाही. पेटलेल्या दिव्याचा टंगस्टनचा तंतू सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि तापला की त्याचा रोध कितीतरी पट वाढतो. 'तापमान कायम असेल तर' ही ओहमच्या नियमातील अट किती मोलाची आहे, हे यावरून कळेल. असा दिवा बहुधा बटण दाबताच का उडे, याचेही उत्तर येथे मिळते : त्या पहिल्या क्षणी रोध ४० ओहम, म्हणून प्रवाह नेहमीच्या ०.४३ ऐवजी ५ अँपिअरच्या वर! गीझर-शेगडीतील नायक्रोमचा रोध मात्र तापल्यावर थोडाच बदलतो. म्हणून पुढील हिशेबात आपण गीझरचा रोध कायम धरू.

कोड्याची किल्ली : कायम काय आहे?

"रोध वाढला तर काय होईल?" हा प्रश्न अर्धाच आहे. पुरा प्रश्न असा : "रोध वाढला आणि दुसरी कोणती राशी कायम राहिली, तर काय होईल?"

घरातील सर्व उपकरणे समांतर जोडलेली असतात. प्रत्येकाला तोच २३० व्होल्ट दाब मिळतो. येथे दाब कायम आहे, म्हणून दाबाचे सूत्र वाचावे : रोध जितका कमी, तितकी उष्णता जास्त. २००० वॉटच्या गीझरचा रोध १०० वॉटच्या दिव्यापेक्षा वीसपट कमी आहे, तो याचसाठी.

पण दोन वस्तू एकसर, म्हणजे एकामागे एक जोडल्या, तर दोन्हींतून प्रवाह एकच वाहतो. येथे प्रवाह सामाईक आहे, म्हणून प्रवाहाचे सूत्र वाचावे : ज्याचा रोध जास्त त्यात उष्णता जास्त.

तंतूचे दोन दिवे घेऊ, एक २५ वॉटचा व एक १०० वॉटचा. (हा प्रयोग कागदावरच करायचा, घरातील विजेशी खेळ नको.) त्यांचे रोध पाटीवरून २११६ व ५२९ ओहम. समांतर जोडले तर १०० वॉटचा दिवा अधिक उजळतो, हे उघड आहे. आता एकसर जोडा. एकूण रोध २६४५ ओहम; प्रवाह २३० ÷ २६४५ = ०.०८७ अँपिअर. पहिल्या सूत्राने २५ वॉटच्या दिव्यात १६ वॉट आणि १०० वॉटच्या दिव्यात अवघे ४ वॉट! मोठा दिवा मिणमिणतोही कसाबसा, आणि धाकटा त्याच्यापुढे झळकतो. प्रत्यक्षात मोठा दिवा थंडच राहिल्यामुळे त्याचा रोध आणखी घटतो आणि त्याच्या वाट्याला ४ वॉटही येत नाहीत.

तेच दिवे, तीच वीज. जोडणी बदलताच निकाल उलटला. आता ही किल्ली घेऊन स्नानगृहाच्या भिंतीवरील प्लगकडे जाऊ.

सैल प्लगचा हिशेब

प्लगची पितळी पिन सॉकेटमधील पट्ट्यांत घट्ट बसलेली असते तेव्हा त्या जोडाचा रोध जवळजवळ शून्य असतो. वापरून वापरून पट्ट्या सैल होतात, स्क्रू ढिले होतात, धातूवर काळसर गंज चढतो. पिन पट्टीला अगदी थोड्या ठिकाणी टेकते. समजा, अशा जोडाचा रोध अर्धा ओहम झाला. अर्धा ओहम म्हणजे गीझरच्या २६.४५ ओहमपुढे काहीच नाही, असे वाटेल. पण हिशेब करा.

एकूण रोध = २६.४५ + ०.५ = २६.९५ ओहम
प्रवाह = २३० ÷ २६.९५ = ८.५३ अँपिअर
जोडातील उष्णता = ८.५३ × ८.५३ × ०.५ = सुमारे ३६ वॉट

छत्तीस वॉट म्हणजे किती? रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर शिसे-कथलाचा डाख वितळविण्यासाठी जे विजेचे सोल्डरिंगचे हत्यार वापरतात, ते २५ वॉटचे असले तरी पुरते. त्याहून जास्त उष्णता तुमच्या प्लगच्या पोटात, हरभऱ्याएवढ्या जागेत, साठत राहते. प्लॅस्टिक करपणार नाही तर काय होईल?

आता याहून महत्त्वाची गोष्ट पाहा. जोड बिघडल्यावर प्रवाह ८.७ वरून ८.५३ वर आला. म्हणजे तो वाढला नाही, उलट थोडा घटला. वितळतार काय किंवा तिच्या जागी आलेला एमसीबी काय, दोघांचे काम मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की मंडल तोडणे एवढेच. प्रवाह घटल्यावर त्यांनी का म्हणून तोडावे? जमिनीकडे गळणारी वीज ओळखणारे साधनही येथे गप्प राहते, कारण वीज कोठे गळतच नाही. ती आपल्या वाटेनेच चालली आहे. गीझरचे पाणीही जवळजवळ पहिल्याइतकेच तापते. म्हणजे पहारेकरी जागेवर आहेत, घरात सारे सुरळीत दिसते आहे, आणि भिंतीवर प्लग करपतो आहे.

उष्णतेने पट्ट्यांचा ताण आणखी जातो, गंज आणखी चढतो, रोध आणखी वाढतो. मग उष्णता कोठवर वाढेल? वरीलप्रमाणेच निरनिराळ्या रोधांसाठी हिशेब करून हा तक्ता तयार केला आहे.

जोडाचा रोध ०.०५ ओहम : प्रवाह ८.६८ अँपिअर, जोडातील उष्णता ३.८ वॉट
जोडाचा रोध ०.५ ओहम : प्रवाह ८.५३ अँपिअर, उष्णता ३६ वॉट
जोडाचा रोध १ ओहम : प्रवाह ८.३८ अँपिअर, उष्णता ७० वॉट
जोडाचा रोध ५ ओहम : प्रवाह ७.३१ अँपिअर, उष्णता २६७ वॉट
जोडाचा रोध २६.४५ ओहम : प्रवाह ४.३५ अँपिअर, उष्णता ५०० वॉट
जोडाचा रोध १०० ओहम : प्रवाह १.८२ अँपिअर, उष्णता ३३१ वॉट
जोडाचा रोध १००० ओहम : प्रवाह ०.२२ अँपिअर, उष्णता ५० वॉट

(खरा प्लग तक्त्याच्या अर्ध्या वाटेवरच वितळून जाईल, पुढील ओळी हिशेबासाठी आहेत.)

हा तक्ता म्हणजे आपल्या कोड्याचे संपूर्ण उत्तर आहे. वरच्या ओळींत जोडाचा रोध गीझरच्या मानाने नगण्य आहे. प्रवाह किती वाहायचा ते गीझर ठरवितो, तो जवळजवळ कायम राहतो, आणि पहिले सूत्र खरे ठरते : रोध दसपट झाला की उष्णताही जवळजवळ दसपट. खालच्या ओळींत उलट झाले. आता जोडाचाच रोध वरचढ आहे. २३० व्होल्टपैकी बहुतेक दाब त्याच्याच वाट्याला येतो आणि जवळजवळ कायम राहतो. तेथे दुसरे सूत्र बोलू लागते : रोध वाढला की उष्णता घटते. आणि दोहोंच्या मध्ये, दोन्ही रोध समान होतात त्या ठिकाणी, उष्णता सर्वांत जास्त. दोन्ही सूत्रे प्रत्येक ओळीत खरी आहेत. फक्त कायम राहणारी राशी बदलत गेली.

याच्या अगदी उलट टोकाची घटना म्हणजे शॉर्ट सर्किट. दोन तारांचे आवरण झिजून त्या एकमेकींना चिकटल्या, की वाटेत गीझर नाही, दिवा नाही. रोध फक्त तारांचा. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम असतो. जाऊन-येऊन ४० मीटर तार धरली, तर ०.६८ ओहम. २३० ला ०.६८ ने भागा : कागदावर तरी ३०० अँपिअरच्या वर! येथे दाब कायम, रोध अत्यल्प, आणि संकट भयंकर. पण हे संकट आरडाओरडा करीत येते. वितळतार ते ऐकते आणि क्षणात वितळून मंडल तोडते. म्हणूनच उडालेल्या वितळतारेच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याचे कान बुजविणे होय. सैल जोडाचे संकट मात्र मुकाट्याने येते. तेथे पहारा आपणच करायचा.

तो कसा करावा? गीझर, इस्त्री, शेगडी यांचे बटण बंद करून प्लग बाहेर काढल्यावर तो नेहमीपेक्षा जास्त गरम वाटतो का, प्लॅस्टिकवर पिवळट-तपकिरी डाग पडला आहे का, करपल्याचा वास येतो का, चालू असताना तडतड आवाज येतो का, हे पाहावे. यांपैकी काही आढळले तर ते उपकरण वापरणे थांबवून घरातील मोठ्या माणसांना सांगावे आणि तारतंत्रीला बोलवावे. स्वतः सॉकेट उघडू नये. एका सॉकेटवर तीन-तीन प्लगचे झुंबर लटकविणेही टाळावे; तेथे प्रत्येक सांधा हा एक नवा जोड असतो आणि सर्वांचा एकत्रित प्रवाह त्यातून जातो.

दाब कोणाचा?

कोड्यात आणखी एक फसवी जागा आहे. वीज दूर नेताना दाब वाढवितात, म्हणजे तारेतील नुकसान कमी होते, असे पुस्तकात असते. पण दाबाचे सूत्र पाहिले तर दाब वाढला की उष्णता वाढायला हवी! मग हे कसे?

आपल्या राज्यातीलच उदाहरण घेऊ. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघे येथपर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, एकदिश विजेची वाहिनी १९९९ पासून आहे. तिची क्षमता १५०० मेगावॉट. तिचे दोन ध्रुव आहेत, एक अधिक ५ लाख व्होल्टचा व एक उणे ५ लाख व्होल्टचा. म्हणजे एका ध्रुवावर ७५० मेगावॉट. प्रवाह काढा : ७५ कोटी वॉट ÷ ५ लाख व्होल्ट = १५०० अँपिअर.

हिशेबासाठी एका ध्रुवाच्या तारांचा रोध ८ ओहम समजू. मग तारांत वाया जाणारी शक्ती १५०० × १५०० × ८ = १ कोटी ८० लाख वॉट, म्हणजे १८ मेगावॉट. ७५० मधून १८ गेले, चालण्यासारखे आहे.

आता कोणी घाईने दाबाच्या सूत्रात ५ लाख व्होल्ट घातले, तर ५ लाख × ५ लाख ÷ ८ म्हणजे ३१,२५० मेगावॉट असे हास्यास्पद उत्तर येईल. चूक कोठे झाली? सूत्रातील दाब हा ज्या वस्तूचा रोध घेतला तिच्याच दोन टोकांमधील असावा लागतो. ५ लाख व्होल्ट हा तारेचा जमिनीच्या तुलनेतील दाब आहे, तारेच्या चंद्रपूरच्या व पडघ्याच्या टोकांमधील नव्हे. तो आहे प्रवाह × रोध = १५०० × ८ = १२,००० व्होल्ट. आता घाला : १२,००० × १२,००० ÷ ८ = १८ मेगावॉट. दोन्ही सूत्रांचे उत्तर तंतोतंत जुळले, आणि जुळलेच पाहिजे.

दाब दहापट कमी, म्हणजे ५० हजार व्होल्ट ठेवला असता तर? तेवढीच शक्ती नेण्यासाठी प्रवाह दहापट, १५,००० अँपिअर लागेल आणि नुकसान शंभरपट, १८०० मेगावॉट होईल. पाठवायचे ७५० आणि वाटेत गमवायचे १८००! अशी वाहिनी चालूच शकत नाही. उच्च दाब हा थाट नाही, ती गरज आहे.

करून पाहा

घरातील विजेला हात न लावता हे सारे शाळेच्या प्रयोगशाळेत पडताळता येते. दीड व्होल्टचे दोन घट एकसर जोडून ३ व्होल्ट दाब घ्या. त्यांच्याशी १० ओहमचा स्थिर रोध, बदलता रोध (रिओस्टॅट), अँपिअरमापी व कळ एकसर जोडा. व्होल्टमापी बदलत्या रोधाच्या दोन टोकांना समांतर जोडा. १० ओहमचा रोध म्हणजे आपला गीझर आणि बदलता रोध म्हणजे सैल जोड.

रोध बदलत जा. प्रत्येक वेळी व्होल्टमापीच्या आकड्याला अँपिअरमापीच्या आकड्याने भागा, म्हणजे 'जोडा'चा रोध मिळेल. दोन्हींचा गुणाकार करा, म्हणजे त्यातील शक्ती मिळेल. कळ वाचन घेण्यापुरतीच दाबा, नाहीतर घट उतरतील आणि ओहम यांना जो त्रास झाला तोच तुम्हांला होईल. मिळालेल्या आकड्यांचा आलेख काढा. हिशेबाप्रमाणे २ ओहमला ०.१२५ वॉट, ५ ओहमला ०.२, १० ओहमला ०.२२५, २० ओहमला पुन्हा ०.२ आणि ५० ओहमला पुन्हा ०.१२५ वॉट यायला हवेत. घटांना स्वतःचाही थोडा रोध असतो, म्हणून तुमचे आकडे किंचित वेगळे येतील. पण आलेखाचा डोंगर दिसल्यावाचून राहणार नाही.

सोडवा

१. २३० व्होल्ट, १००० वॉटच्या इस्त्रीचा प्रवाह व रोध काढा.

२. गावात संध्याकाळी दाब २०० व्होल्टवर उतरतो. २००० वॉटच्या गीझरला त्या वेळी किती शक्ती मिळेल? (आधी ठरवा, कायम काय आहे?)

३. १००० वॉटच्या शेगडीचे नायक्रोमचे वेटोळे तुटले. तुटका भाग टाकून उरलेली नऊ-दशांश लांबी पुन्हा जोडली. शेगडी आता किती वॉटची झाली? तशी जोडलेली शेगडी वापरणे योग्य का नाही, याची दोन कारणे लिहा.

४. वरील प्रयोगात २ व ५० ओहमला शक्ती सारखीच येते. ५ व २० ओहमलाही सारखीच. या जोड्यांमध्ये काय साम्य आहे? गीझरच्या तक्त्यात १ ओहमचा जोडीदार कोणता असेल?

उत्तरे : (१) ४.३५ अँपिअर, ५२.९ ओहम. (२) गीझरचा रोध कायम. २०० × २०० ÷ २६.४५ = सुमारे १५१२ वॉट. (३) दाब कायम, रोध नऊ-दशांश. सुमारे ११११ वॉट. कारणे : वेटोळे ठरविल्यापेक्षा जास्त तापते, आणि हाताने पिळून केलेला सांधा हा सैल जोडच असतो. (४) याचे उत्तर दिलेले नाही. दोन्ही रोधांचा गुणाकार करून पाहा, आणि तसे का होते ते सूत्रावरून सिद्ध करण्याचा प्रयत्न करा. बीजगणिताच्या चार ओळी पुरतात.